आयकॉन आणि आईची बोटं

३ फेब्रुवारी, सोमवार
दवाखान्याच्या अ‍ॅपसाठी काढलेले माझे नवे आयकॉन मॅडमना आवडले! बारीक रेघा, रंग नाही, खाली नाव नाही. ऑफिसातल्या पोरांनी एका नजरेत ओळखले. जुने रंगीत, उठावदार आयकॉन त्यांना 'आजोबांच्या काळातले' वाटतात. आता ज्येष्ठांकडून तपासायचे.

५ फेब्रुवारी, बुधवार
आज ज्येष्ठ मंडळी आली. बहुतेक सगळे अडखळले. एका निवृत्त मास्तरांना गोळीचं चित्र खोडरबर वाटलं. जुनेच बरे, म्हणाले — ते वस्तूसारखे दिसतात, हे नुसते खुणेसारखे.
आणि आमची आई! वय अठ्ठ्याहत्तर. काही दिवसांपूर्वी हेच अ‍ॅप तिच्या फोनवर टाकून कुठे काय ते दाखवलं होतं. मी नाव घ्यायचा अवकाश, बोट अचूक जागी. मॅडम थक्क. मी मान ताठ करून घरी आले.

१० फेब्रुवारी, सोमवार
आयकॉनांचा क्रम बदलून बघा, असं मॅडमनी सुचवलं. संध्याकाळी आईच्या फोनवर बदलला. म्हटलं, रिपोर्ट उघड. तिनं रुग्णवाहिकेवर बोट ठेवलं. पुन्हा सांगितलं — पुन्हा तेच.
मग तिनं फोन ओट्यावर ठेवला. "चित्रं दिसत नाहीत गं मला. जागा पाठ केल्या होत्या."
जन्मभर टायपिस्ट होती ती. बोटांनीच बघायची सवय. वर्षभर सगळं धूसर दिसतंय म्हणे. तुझ्यामागे आणखी एक व्याप कशाला, म्हणून बोलली नाही. तशातच भाजी निवडली, सुईदोरा केला, आणि मला पत्ता नाही. हिला रागवावं की हिच्या पाया पडावं?

११ फेब्रुवारी, मंगळवार
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. उशीर केलात म्हणाले, पण ऑपरेशन केलं की दिसेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
मॅडमना सगळं सांगितलं. आयकॉन भरीव करते, रंग घालते, खाली नाव लिहिते. पोरं कुरकुरली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "जुनाट वाटले तर वाटू देत. आजारी माणसाला सापडले पाहिजेत." माझ्याहून किती लहान बाई ही, पण समज केवढी!

२० फेब्रुवारी, गुरुवार
एका डोळ्याची पट्टी निघाली. मी हौसेनं फोन पुढे केला. आईनं तो बाजूला सारला आणि माझ्याकडेच बघत राहिली.
"तुझे केस एवढे पांढरे कधी झाले गं?"