वस्तीत चालतं का?

तीर्थरूप मामांना,

सोफ्यावर जिथे टेकला असाल तिथेच बडबडीचा नमस्कार. (उठू नका. म्हणजे उठा, पण ते पुढे सांगते.) साखर काय म्हणतेय? मामी म्हणतात ती चढतेय, आणि तुम्ही बसूनच आहात.

इकडे माझी नोकरी जाता जाता राहिली. झालं असं, की कोणत्या वस्त्या आरोग्याला पोषक आहेत ते तपासायचं आमच्या ऑफिसने काढलंय. हवा कशी, भाजी जवळ मिळते का, आणि मुख्य म्हणजे लोकांना पायी फिरता येतं का. आम्ही दारोदार जाऊन विचारायचं, "तुमच्या वस्तीत चालतं का?" किती सोपा प्रश्न! आमच्या गल्लीत (जिथला फुटपाथ भिंग घेऊन शोधावा लागतो) शिंपीकाका म्हणाले, चालतं की! इस्त्रीवाला म्हणाला, चालवून घ्यायचं. घरमालकीणबाई तर म्हणाल्या, अगं, इथे सगळं चालतं! झालं, आमची गल्ली पहिली आली. साहेब खूश, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर.

मग आमच्या ऑफिसच्या मोठ्या डॉक्टरीणबाई ही आदर्श गल्ली स्वतः बघायला आल्या. फुटपाथवर स्कूटर, मोडकं कपाट, इस्त्रीचं टेबल आणि कुणीतरी उन्हात टाकलेली गादी. बाईंनी स्कूटरला वळसा घातला, कपाटापाशी अंग चोरलं, गादी ओलांडली आणि थेट बांधकामाच्या वाळूत उतरल्या, गुडघ्यापर्यंत. माझी पाचावर धारण बसली. शिंपीकाका गळ्यातल्या टेपसकट धावले. इथे चालता येतं असं कोणी सांगितलं, बाईंनी विचारलं. काका म्हणाले, "मला वाटलं, पोरगी धंद्याचं विचारतेय. म्हटलं चालतं, रडतखडत." बाई वाळूतच बसून इतक्या हसल्या, की साहेबांनाही नाइलाजाने हसावं लागलं. आणि एवढं हसून झाल्यावर कुणाला नोकरीवरून काढता येत नाही.

आता तुमचं. तुमची कॉलनी, रुंद फुटपाथ, दुतर्फा झाडं, पाठ टेकायचे बाक, ती शेवटून पहिली! कारण माझी मैत्रीण तिथे गेली आणि दार तुम्ही उघडलंत. प्रश्न ऐकून कडाडलात म्हणे, "ही सभ्य माणसांची वस्ती आहे, इथे असलं काही चालत नाही!" वर शेजाऱ्यांनाही तेच सांगायला लावलंत. धन्य आहे तुमची!

तुमची भाची,
बडबडी

ता. क. : डॉक्टरीणबाई आता तुमची कॉलनी बघायला येणार आहेत. कधी, ते गुप्त आहे. तेव्हा रोज संध्याकाळी फाटकापासून बागेपर्यंत फिरताना दिसा. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.

आणखी एक ता. क. : कोणी येणार नाहीये. मामींनी लिहायला लावलं, पण मला खोटं पचत नाही. तरी फिराच हो मामा. गेल्या खेपेला आमचा जिना चढताना तुम्ही मध्येच थांबलात आणि म्हणालात, जरा बाहेरचा देखावा बघतो. मी फार घाबरले. तिथे खिडकी नाहीये, मामा. भिंत आहे.