चेअरमनसाहेबांचा फोटो आणि वच्छलाबाईंची म्हैस

चारा छावणी, तलवाडा

तीर्थस्वरूप बबनमामांस,
उत्तरेश्वरचा शिरसाष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? अंबाजोगाईत नळाला पाणी येतं का? इथं टँकर आला की आधी माणसं धावतात की म्हशी, हे नक्की सांगता येत नाही.

आमच्या दूध संघाने छावणी उघडली, तिथं मी कॉम्प्युटरवर आहे. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकला की चाऱ्याची चिठ्ठी निघते. निघते म्हणजे, सावकाश निघायची. रांग उन्हात पार रस्त्यापर्यंत जायची. चेअरमन सुंदररावांनी मशीन तापलंय म्हणून त्याच्यापुढे कूलर लावला (त्यातलं पाणी म्हशी पिऊन गेल्या). मला वाटलं, नंबर शोधायलाच वेळ लागतोय. आठवडा घालवून तो भाग नव्याने लिहिला. नंबर झटक्यात सापडू लागला, रांग मात्र जागची हलेना. रांगेतल्या वच्छलाबाई खिडकीतून म्हणाल्या, "पोरा, तुझ्या मशीनचा रवंथ कवा संपायचा? माझी म्हैस उपाशी हाय." म्हशीने तोवर खिडकीचा पडदा अर्धा खाल्ला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग अंदाज बांधणं सोडलं आणि प्रोफायलर लावला. प्रोग्राम चालू असताना कोणत्या कामात किती वेळ गेला, ते हे साधन टिपतं. त्यात दिसलं, की नंबर शोधायला वेळ लागतच नाही. जवळपास सगळा वेळ एकाच कामात जातो. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात साहेबांचा फोटो असतो (तुमच्याच स्टुडिओतला, फ्लेक्ससाठी काढलेला). तो भिंतीएवढा फोटो प्रोग्राम दर म्हशीला नव्याने उघडून नखाएवढा करत होता.

भर रांगेसमोर साहेबांनी विचारलं, "म्हंजे माज्यामुळं जनावरं उपाशी हायत?"

मी म्हणालो, "न्हाई साहेब. तुमी लई मोठे हायात, तेवढंच."

ते खूश झाले. फोटो एकदाच लहान करून ठेवला, दर वेळी तोच छापू लागलो. दुपारच्या आत रांग संपली. वच्छलाबाईंची म्हैस सावलीत उसाचे वाढे खात उभी राहिली, आणि मी चार भाकरी खाल्ल्या.

आपला,
उत्तरेश्वर

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. चिठ्ठी एवढ्या लवकर निघते हे पाहून बाकीचे संचालक, मग आमचेच फोटो कावून न्हाईत, म्हणून रुसले. सोमवारी सगळे जीप करून तुमच्याकडे येतायत. पाऊस पडेपर्यंत स्टुडिओ बंद ठेवता आला तर बघा.

आणखी एक : ते आधीच पोचले असतील, तर सगळ्यांचा मिळून एकच फोटो काढा. मधल्या खुर्चीवरून भांडण लागलं, तर खुर्ची उचला आणि तिथं म्हैस उभी करा. छावणी तिच्यासाठीच आहे.