पाळकसाहेबांचा नियम

पप्पा, गेल्या रविवारी चर्चमध्ये मंडळीच्या सभेत तुमचं नाव घेऊन मला खाली बसवलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा एकही उपदेश त्या माणसांना धड आठवत नसेल. पण एक गोष्ट सगळ्यांच्या पक्की लक्षात आहे. पाळकसाहेबांनी कधी बाईला डीकन केलं नाही. स्वतःच्या बायकोलासुद्धा नाही.

झालं असं की आपल्या नव्या पाळकांनी डीकनच्या जागेसाठी माझं नाव सुचवलं. वयाने ते माझ्या मुलासारखे आहेत. ते म्हणाले, "डीकन म्हणजे मंडळीचा सेवक. आजाऱ्याला भेटायचं, अडलेल्याला मदत पोचवायची, प्रभुभोजनाला भाकर आणि प्याला लोकांपर्यंत न्यायचा. आपल्यात कुणी आजारी पडलं की पहिला फोन सिस्टरला जातो. मग सेवक कोण झालं?" दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाले तरी मी अजून सगळ्यांची सिस्टरच आहे. तेवढ्यात मंडळीचे सेक्रेटरी उठले. तुमच्या वेळचे डीकनकाका, त्यांचा हा थोरला मुलगा. अगदी हात जोडून बोलले. "ताई मला बहिणीसारख्या. पण मोठ्या पाळकसाहेबांनी घालून दिलेलं आपण मोडायचं का? ते काय कमी शिकलेले होते?" आणि सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, जणू माझ्या बापाचा मान राखला म्हणून मी खूश व्हायला पाहिजे.

मला राजूरच्या पुढची ती वस्ती आठवली. आपल्या मंडळीतली एक बाई तिथे अंथरुणाला खिळली होती. गर्भाशयाचा कॅन्सर. घरात शिरायच्या आधी वास यायचा. आई कित्येक महिने एसटीने तिच्याकडे जात होती, तिला पुसून काढायची, लुगडी धुवायची, वेणी घालायची. त्या बाईने प्रभुभोजन मागितलं म्हणून एक दिवस आपण निघालो, तुम्ही, आई, शाळकरी मी आणि डीकनकाका. चतुर्थी होती, राजूरच्या गणपतीला जाणाऱ्यांनी गाडी खचाखच भरलेली, आणि तुम्ही प्याल्याची पेटी छातीशी धरून उभे. ते घर मला आत्ताही दिसतंय. पत्र्याखाली उकडतंय. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे. तुम्ही प्रार्थना करता, भाकर मोडता, ताट आणि प्याला डीकनकाकांच्या हातात देता. काका उंबऱ्यातच थबकलेत. "साहेब, मला मळमळून राह्यलं," ते म्हणतात. आई एक हात पुढे करते. "द्या इकडं, मी देते तिला." आणि तुम्ही, पप्पा, तुम्ही म्हणता, "तू राहू दे. ते डीकनचं काम आहे." मग काकांनी तोंड फिरवून लांबूनच ताट पुढे केलं, आणि प्याला देताना तो कलंडला, सगळा द्राक्षरस गोधडीवर सांडला. ती बाई म्हणाली, "राहू द्या बाबा, लागला ओठाला." लागला नव्हता. मी बघत होते. ती गोधडीसुद्धा मागच्या दारी आईनेच धुतली.

घरी आल्यावर आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तुमच्याकडे न बघताच म्हणाली, "तिची घाण काढायला माझे हात चालतेत, आन् ताट धरायला चालत न्हाईत?" तुम्ही म्हणालात, "नियम मी केलेला नाही." आईने भाकरी उलटली. तुम्ही जेवलात, हात धुतले आणि उपदेशाची तयारी करायला बसलात.

नियम मी केलेला नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. आज ते म्हणतात, नियम तुमचाच! पवित्र शास्त्रात मंडळीच्या एका सेविकेचा नावानिशी उल्लेख आहे, तो तर तुम्हीच मला शिकवला होता. मग आपल्याकडे का नाही, असं विचारलं तेव्हा म्हणालात, तो काळ वेगळा होता. आणि बायकांनी गप्प राहावं म्हणून जे लिहिलंय, ते मात्र सगळ्या काळांसाठी? कोणत्या ओळीला काळ लागतो आणि कोणत्या ओळीला लागत नाही, हे दर वेळी पुरुषांनीच कसं ठरवायचं?

मी उभी राहिले आणि त्या वस्तीवरचं सगळं सभेत सांगितलं. काकांचं नाव घेतलं नाही, पण सेक्रेटरींचा चेहरा उतरला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, भावनेच्या भरात बोलू नका." हात वर करून मतं घेतली. आपल्या मंडळीत बायका जास्त आहेत, पप्पा. माझ्या शेजारी बसलेलीच्या दोन्ही बाळंतपणांत मी तिच्या उशाशी होते. तिने हात खांद्यापर्यंत नेला, पुरुषांच्या बाकांकडे बघितलं, आणि केस सारखे केल्यासारखं करून खाली घेतला. ठराव पडला. मग सेक्रेटरी जवळ येऊन म्हणाले, "ताई, नाराज नका होऊ. नाताळच्या जेवणाचं बिलकुल तुमच्या मनासारखं करा." मी म्हणाले, "दादा, जेवण या वर्षी तुम्ही करा. तीही सेवाच आहे." कुणी हसलं नाही. मीही हसवायला बोलले नव्हते.

घरी आले तर आई जागीच होती. तिला आता फारसं दिसत नाही, पण माझ्या चपलांच्या आवाजावरून तिने ओळखलं. "पडला का?" म्हणाली. मी तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं, तुमच्यावर तोंडसुख घेतलं, तिच्यासाठी रडले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मला काय डीकन व्हायचं न्हवतं बाई. त्यांनी इचारलं असतं तर मी न्हाईच म्हणले असते. पण इचारायला पाहिजे होतं त्यांनी. एकदा तरी."

पप्पा, तुम्ही वाईट नव्हतात. हेच मला सहन होत नाही. वाईट माणसाने अडवलं असतं तर त्याच्याशी भांडून मी कधीच मोकळी झाले असते. तुम्ही रात्रीबेरात्री लोकांच्या दारी जाणारे, स्वतःच्या अंगावरची शाल देऊन येणारे. तुम्ही आईला एकदा हात पुढे करू दिला असतात तर आज कुणाला तुमच्या नावामागे लपता आलं नसतं.

पाळक म्हणतात, पुढच्या वर्षी नाव पुन्हा मांडू या. मी हो म्हटलंय. सभेत मी आईच्या वतीने बोलले, लोकांनाही तसंच वाटतंय, मीही तसंच वाटू दिलं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. आईला काही नको होतं. मलाच व्हायचंय डीकन. फ्रॉक घालत होते तेव्हापासून.