विराजचा पहिला पक्षकार

३ फेब्रुवारी, सोमवार

सुशील सरांनी आज फर्ममधल्या सगळ्या ज्युनिअर वकिलांना आत बोलावलं. नवी योजना आहे. जो नवा पक्षकार आणेल त्याला पहिल्या वर्षाच्या फीमधला हिस्सा, आणि त्या केसमध्ये कोर्टात तोच उभा राहणार. वकिलाने पक्षकार शोधत फिरू नये असा नियम आहे. म्हणून सर त्याला 'नवे संबंध' म्हणतात.

विराजला पैशांची ओढ नव्हती, कोर्टात उभं राहण्याची होती. तीन वर्षं सीनिअरांच्या फायली उचलतोय. न्यायाधीशांपुढे तारखेशिवाय त्याने काही मागितलेलं नाही. जिन्यात म्हणाला, "यामिनी, बस एक. एक क्लायंट मिल जाए."

माझ्याकडून कोणी येणार नाही. मी धातुशास्त्र शिकून वकिलीत आले, सिलतऱ्याच्या कारखान्यांचे करार तपासते. भट्ट्या ओळखते, माणसं फारशी नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अपर्णावहिनी अभनपूरला माहेरी निघून गेली. तिच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि दादा भेटायलासुद्धा गेला नाही. प्लांटमधली भट्टीवरची शिफ्ट बदलून मिळाली असती. मागितलीच नाही.

बॅग उचलताना मला म्हणाली, "मी भट्टी असती तं रातभर बसला असता माझ्यापाशी." हसली. मला वाटतं हसली.

आई म्हणते, "येते पोट्टी. राहू दे दोन दिवस." दादा डब्यात भात आणि लोणचं स्वतःच भरून कामावर गेला.

या घरात मी जिच्याशी बोलते अशी ती एकच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिस सुटल्यावर विराजबरोबर तेलीबांध्याच्या तळ्याकाठी बसले. मी घरचं बाहेर बोलत नाही. आज बोलले — वहिनी, दादा, ऑपरेशन, सगळं. भट्टीचं वाक्य सांगितलं तेव्हा तो मोठ्याने हसला. मग विचारलं, "भैया क्या चाहते हैं?"

असं नेमकं विचारणारा माणूस मला आवडतो. आम्ही लग्न करणार आहोत हे अजून घरी सांगितलेलं नाही. दादाला तो ऑफिसातला मित्र म्हणून माहीत आहे. वहिनी आली की आधी तिला सांगेन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वहिनी अजून आली नाही. विराज फोन उचलत नाही. काम असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

समोसे आले आणि सरांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या. योजनेतला पहिला पक्षकार! "विराज और यामिनी, दोनों का."

मी म्हणाले, सर, मी कोणाला आणलेलं नाही.

"अरे, तुम्हारे भैया. घर का मामला है, तो फाइल से तुम दूर रहोगी. रिवॉर्ड आधा तुम्हारा. विराज ने खुद कहा."

घटस्फोटाची नोटीस. कालच अभनपूरला गेली, विराजच्या सहीने.

पार्किंगमध्ये त्याला गाठलं. "भैया परेशान थे. मैंने बस रास्ता बताया." मला का सांगितलं नाहीस? "तू भाभी की तरफ से बोलती. भैया को भी तुझे बताने से मैंने ही मना किया था. और आधा तेरे नाम किया न? अपने घर के लिए."

मग मोबाइलवर नोटिशीचा मसुदा दाखवला. अभिमानाने. नवऱ्याला सोडून गेली हे कारण द्यायला दोन वर्षं जावी लागतात. वहिनीला जाऊन तीन आठवडेही झाले नाहीत. म्हणून कारण लिहिलंय 'क्रूरता'. चौथ्या परिच्छेदात भट्टीचं वाक्य आहे. पतीचा अपमान म्हणून. शब्दशः.

मसुदा चांगला आहे. मी त्यात चूक शोधत राहिले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या लेटरहेडवर डाव्या बाजूला सगळ्या वकिलांची नावं छापलेली असतात. वहिनीने माझं वाचलं.

फोनवर म्हणाली, "यामिनी, तू हायेस का यात?"

मला काही बोलता येत नाही. दादा आमचा पक्षकार, ती समोरची बाजू. मी एवढंच म्हणाले, "वहिनी, वकील कर. चांगला कर."

"ते मी तुह्यापाशी बोलली होती. तुह्यापाशीच."

फोन तिनेही ठेवला नाही, मीही नाही. मागे तिचे बाबा खोकत होते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

राजीनामा दिला. रिवॉर्ड परत केला. त्याने काही सुटत नाही — फर्म सोडली तरी पक्षकाराची गुपितं पाळावी लागतात.

विराज जिन्यात आडवा आला. "इतनी सी बात पे?"

हो म्हणाले. इतनी सी. घरी येऊन जेवले. भांडी घासली. मग मात्र आईने दार वाजवेपर्यंत न्हाणीतून बाहेर येता आलं नाही.

२ मार्च, रविवार

दादा अंगणात गाडी पुसत होता. पहिल्यांदाच सरळ विचारलं, तुला वहिनीला सोडायचं होतं?

"मले? मी तं ती गेल्यावरच्या रविवारीच तिले आणाले निघालो होतो. सासऱ्यासाठी मोसंबी घेतली होती. तेवढ्यात विराजचा फोन. म्हणे, भैया, अभी गए तो झुके हुए दिखोगे. नोटीस जाने दो, खुद आएगी."

मग आता जा, म्हणाले.

"आता तिच्या वकिलाचं उत्तर आलं ना. विराज म्हणते, भेटू नका, केस बिघडते." फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. "तू बी वकील हायेस. सांग ना — मी जाऊ शकतो का तिच्याकडे?"