लाल दोऱ्याची सायकल

मुक्काम : तळ्याकाठचे घर
दि. ६ मे

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. क्लबाची अकरा माणसे, बारावा मी, आणि सायकलींची अकरा खोकी. उतरल्यावर खोकी मी तीन वेळा मोजली. तिसऱ्या वेळी दहाच भरली आणि मी एक खोके गेले म्हणून ओरडा केला. मग लक्षात आले की अकराव्या खोक्यावर मीच बसलो होतो. क्लबातली मंडळी अजून हसत आहेत.

घर तळ्याला लागून आहे. खाली मोठी पडवी आहे, तिथेच माझे काम चालते. आल्या दिवशीच सगळ्या सायकली जोडायच्या होत्या, कारण कप्तानांना दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे होते. क्लब त्यांचा, बेतही त्यांचा. दोन महिन्यांचा एकेक दिवस त्यांनी वहीत आखून आणला आहे. प्रवासात तीस तास डोळ्याला डोळा नव्हता, तरी पुढची चाके, पायडले, हँडले सगळे दिवस मावळायच्या आत बसवले. तेव्हापासून पाठ भरून आली आहे ती अजून उतरलेली नाही.

मंडळींचे छंद बघून तुम्हाला गंमत वाटेल. एक काका गळ टाकायला थांबतात, दोघे जण पक्षी बघायला थांबतात, आणि ज्यांना आपण नर्सबाई म्हणतो त्या चित्र काढायला थांबतात. भिंत दिसली की सायकल टेकवतात आणि रंगाची डबी उघडतात. कप्तान घड्याळ बघत पुढे जाऊन परत येतात. त्यांचे सारे लक्ष २१ जूनकडे आहे. त्या दिवशी इथला मोठा घाट पन्नाशीपुढची माणसे सायकलने चढतात आणि पलीकडे उतरतात, बाहेरून पुष्कळ लोक येतात म्हणे.

तुमच्या सांगण्याप्रमाणे कोणत्याही सायकलचा दोरा सोडलेला नाही. मागच्या चाकाच्या आऱ्यांवर तुमचे चार लाल आणि माझे सात निळे आहेत. नर्सबाईंनी विचारले, तेव्हा सांगितले की आमच्या दुकानात शेवटचा नट आवळून सायकल ज्याने बंद केली, म्हणजे पुरी केली, तो आपल्या रंगाचा दोरा बांधतो, म्हणजे पुढे काही बिघडले तर सबब चालत नाही. त्यांना हे फार आवडले. पहिले चित्र तुम्हालाच पाठवते म्हणाल्या आणि दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

काम बिनतक्रार झाले तर दर वर्षी परदेशच्या सहलीला मिस्त्री म्हणून मीच, असा शब्द कप्तानांनी पुन्हा दिला. हे वाचून तुम्ही मिशीत हसाल, तेवढ्यासाठी लिहिले.

पत्राला इथून नऊ दिवस लागतात, म्हणून उत्तर लगेच टाकावे. मामीस नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपला आज्ञेतला भाचा

---

दि. २२ मे

चि. मास्तर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शाळा सातवीत सोडलेल्या मुलाच्या पत्रात एक काना-मात्रा चुकलेली नाही हे तुझे मामा पंपावर येईल त्याला दाखवतात. खोक्यावर बसून खोकं शोधलंस हेसुद्धा सांगतात, तेव्हा फुगू नकोस.

नर्सबाईंचं चित्र परवा आलं. काय सुरेख काढलंय रे! विटांची भिंत, तिला टेकलेली त्यांची सायकल, आणि मागच्या चाकावर लाल दोरा, अगदी गाठीसकट. मामांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी ते पंपाच्या वर खिळ्याला लावलंय. हवा भरायला आलेल्या माणसाला आधी चित्र बघावं लागतं, मगच नळी हातात मिळते. माझा दोरा परदेश फिरतोय, असं म्हणतात.

बाकी दुकानाचं काही खरं नाही. तू गेल्यापासून पाच सायकली परत आल्या. दूधवाल्याचा स्टँड वाटेत गळला, टपालवाल्याचं मागचं चाक डगडग करतंय, शाळेतल्या शिपायाची तर चेन दोनदा उतरली. मामा म्हणतात हल्लीचे नट गुळाचे करतात. मी म्हटलं, मास्तर होता तेव्हा गुळाचे नव्हते का? तर माझ्यावरच खेकसले.

तुला म्हणून सांगते. चहाचा कप ते आता दोन्ही हातांनी धरतात. उजव्या अंगठ्याजवळची दोन बोटं बधिर असतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की एकच उत्तर, हात गेला असता तर गिऱ्हाइकाने आधी सांगितलं असतं. वर्षभर मीही हेच ऐकून गप्प बसले. आता गिऱ्हाईक सांगतंय, तर नटांना शिव्या.

मीही दमलेय बाबा. घरात एक चिडलेला माणूस म्हणजे चार पाहुण्यांचं काम. तू जेव वेळेवर. नखांतलं ग्रीस काढून जेव. मामीची आठवण काम नसतानाही येऊ दे.

तुझी मामी

---

दि. २८ मे

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे, म्हणून आधी ती लिहितो. परवा उतारावर नर्सबाई सायकलवरून पडल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले आहे. सहा आठवडे प्लास्टर राहील. घाट त्यांचा हुकला.

दोष माझा आहे. मागच्या ब्रेकची तार ज्या नटात धरलेली असते तो नट पुरता आवळलेला नव्हता. सपाटीवर ब्रेक लागत होता. उतारावर त्यांनी जोरात दाबला तेव्हा तार निसटली. सायकल माझीच होती, निळ्या दोऱ्याची. मी ती बंद केली होती आणि चूक माझ्या हातून झाली. तुम्ही शिकवले त्यात काही कमी नव्हते.

कप्तान ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. आता गावातला एक मिस्त्री बोलावला आहे. तो सगळ्या सायकली पुन्हा तपासतो आणि मी त्याच्या हातात पान्हे देतो. पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघणार आहेत, हे मला आडून न सांगता सरळच सांगितले.

नर्सबाई खिडकीत बसून डाव्या हाताने चित्र काढतात. चाके अंडाकृती येतात. या चाकांचा आऊट काढून ती गोल करून दे, असे मला म्हणाल्या. मला हसता आले नाही.

तुम्ही मनाला लावून घेऊ नये. आपल्या चरणी थोडी जागा राहू द्यावी.

आपला अपराधी भाचा

---

दि. १ जून

तीर्थस्वरूप मामीस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र काल आले आणि मी पडवीच्या पायरीवर बसून राहिलो. ते चित्र काढून टाक. ओलीने खराब होईल म्हण, मुंग्या लागल्या म्हण, काहीही म्हण. पण मामांना मी २८ तारखेला पत्र टाकले आहे, ते या पत्राच्या आधी पोचेल. त्यात नर्सबाईंची सायकल निळ्या दोऱ्याची होती असे लिहिले आहे. तेव्हा मला चित्रातल्या दोऱ्याचे माहीत नव्हते. म्हणजे हे पत्र लिहून काही उपयोग नाही, तरी लिहीत आहे.

नर्सबाई पडल्या, मनगट मोडले. नट मामांचा होता.

मी रोज सकाळी मामांच्या आधी अर्धा तास दुकानात जातो, ते झाडायला जातो म्हणून तू माझे कौतुक करायचीस. मी झाडायला जात नव्हतो. वर्षभर मी लाल दोऱ्याची प्रत्येक सायकल पुन्हा आवळत आलो आहे. पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाच्या पायडलचा नट हातानेच फिरला तेव्हा मला रडू आले. त्यांना सांगणार कसे? त्यांनीच मला पान्हा धरायला शिकवले. वाटले, नट मी आवळतो, दोरा त्यांचा राहू दे, कोणाचे काय जाते.

निघायच्या दिवशी ट्रक दारात उभा होता. तीन लाल सायकली मी आधीच बघून ठेवल्या होत्या. चौथी मामांनी त्याच वेळी बंद केली, दोरा बांधला, आणि ती माझ्यादेखत खोक्यात गेली. तिथे पोचल्यावर बघू असे ठरवले. पोचल्यावर दहा सायकली जोडून झाल्या, ही शेवटची. हात उचलत नव्हते. मी लाल दोऱ्याकडे बघितले आणि स्वतःला म्हटले की मामांनी बंद केली आहे, म्हणजे झाले. वर्षभर ज्या दोऱ्यावर माझा विश्वास नव्हता, त्या एका दिवशी मी दमलो म्हणून तो ठेवला.

नर्सबाई पडल्या तेव्हा सामानाच्या गाडीतून त्यांच्यामागे मीच होतो; कप्तान मागून यायच्या आत मी लाल दोरा कापला आणि निळा बांधला. नर्सबाई दगडावर मनगट धरून बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातांकडे बघितले. बोलल्या नाहीत.

मामी, माझे जे जायचे ते गेले. निदान त्यांचे राहू दे. काही सुचले तर कर. नाही सुचले तरी माझ्यावर रागावू नकोस.

तुझा भाचा

---

दि. १० जून

चि. मास्तर यास,
अ. उ. आ.

अक्षर वेडंवाकडं आहे. तीन बैठकांत लिहितोय. वाचता येईल तेवढं वाच.

तुझं २८ चं पत्र शुक्रवारी आलं. पंपाशी उभ्यानेच वाचलं आणि मान वर केली तर समोर चित्र. चार दिवस तुझ्यावर धुसफुसत होतो, की माझा दोरा सोडून या पोराने माझी सायकल उघडली कशाला? उघडली ती उघडली आणि बिघडवली! आज तुझं दुसरं पत्र आलं. तिने ते वाचलं, पदराला हात पुसले आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. तिच्यावर रागावू नकोस. तिला दुसरं काय सुचणार होतं?

ऐक आता. नट ढिला राहिला याचा मला राग नाही. हात आहे, थकतो. राग दुसऱ्याचा आहे. तू दुकानात होतास तोवर वर्षभरात माझी एक सायकल परत आली नाही. त्याच जोरावर मी डॉक्टरला टाळलं. बोटं बधिर व्हायची, तरी सकाळी दुकानात यायचो, सगळं घट्ट असायचं, आणि मला वाटायचं की माझी बोटं खोटं बोलताहेत. बोटं खरं बोलत होती रे. खोटं तू बोलत होतास, रोज सकाळी अर्धा तास.

माझ्या मायेपोटी केलंस, ते कळतंय. नाही कळत असं नाही. पण मनगट त्या बाईंचं मोडलं. ते तू एकट्याने मोडलं नाहीस आणि मी एकट्याने मोडलं नाही. त्यात तू निळा दोरा बांधून सगळं स्वतःवर घेतलंस, म्हणजे पुन्हा तेच केलंस. मला विचारलं नाहीस.

कप्तानांना मी वेगळं लिहिलंय. तुझी वकिली केलेली नाही. दोरा कोणाचा होता आणि का बदलला, एवढंच. पुढे त्यांची मर्जी.

तुझं पत्र वाचून तसाच डॉक्टरकडे गेलो. शीर दबली आहे म्हणतो. जुनी आहे, लवकर यायला हवं होतं म्हणतो. सुधारेल का विचारलं तर पाणी प्यायला उठला. दुकानात मी बंद केलेल्या सहा सायकली होत्या, त्यांचे दोरे कापले आणि मालकांना खरं कारण सांगितलं. दूधवाला म्हणाला, एवढंच ना, मला वाटलं दुकान विकताय.

तू आल्यावर माझं काम तपासायचं. पण माझ्यासमोर, दुकान उघडल्यावर. मी ओरडेन, तर ओरडू दे. चित्र खिळ्यावरून काढलेलं नाही, काढणारही नाही. तब्येतीला जप, आणि मामा चिडका असला तरी मामाच आहे हे ध्यानात ठेव.

तुझा मामा

---

मुक्काम : तळ्याकाठचे घर
दि. २० जून

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र काल मिळाले. चार वेळा वाचले. आपण लिहिले ते खरे आहे.

कप्तानांनाही कालच मिळाले. त्यांनी ते न्याहारीच्या टेबलावर वाचले, घडी घातली आणि पुढच्या वर्षाचे पुढच्या वर्षी बघू असे म्हणाले. आधी नाही म्हणाले होते, आता बघू म्हणतात. मी त्याहून जास्त विचारले नाही. गावातला मिस्त्री अजून येतो.

नर्सबाईंची मी माफी मागितली. त्यांना त्याच दिवशी कळले होते म्हणे. चित्र काढताना त्या दोऱ्याचा लाल रंग त्यांनी तीनदा मिसळला होता, तो विसरणार कसा? मग बोलला का नाहीत, असे विचारले. तर म्हणाल्या, चाळीस वर्षे वॉर्डात काढली. घाबरलेला माणूस काही लपवतो तेव्हा त्याला सवड द्यावी. पण मनगट दुखते ते दुखतेच, हेही त्यांनी सांगितले, आणि ते सांगितले म्हणून मला बरे वाटले.

उद्या घाट आहे. आज सकाळी मी एक नवीन रीत केली. प्रत्येकाला आपापल्या सायकलपाशी उभे केले. ज्याची सायकल त्याने ब्रेक जोरात दाबून धरायचा आणि मी नट आवळायचा. झाल्यावर त्याने स्वतः नट चाचपून बघायचा, मग दोरा. गळवाल्या काकांना दोनदा करावे लागले, त्यांचे लक्ष तळ्याकडे. दुपार झाली. सगळे कंटाळले, मीही पार थकलो, पण आज पहिल्यांदा मला कोणाच्या मागे जाऊन काही पुन्हा बघायचे राहिले नाही.

दहाच सायकली होत्या. अकरावी पडवीत भिंतीला टेकून आहे, तिला दोरा नाही. नर्सबाई म्हणतात, ती घरी नेऊन दुकानातच बंद करा, तुम्ही दोघे.

तेव्हा मी आल्यावर तिच्यापासून सुरू करू. एकट्याने ते काम तसेही नीट होत नाही. ब्रेक तुम्ही धरा, नट मी आवळतो.

मामीस नमस्कार. तुम्ही ओरडाल ते ऐकायला लवकरच येतो.

आपला भाचा