हेडमास्तरांची बदली

३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकान बंद करायचं नक्की केलं. हात थरथरतो हे मी गिऱ्हाइकांपासून बरेच दिवस लपवलं, पण बायकांच्या मनगटी घड्याळातला स्क्रू काही लपवू देत नाही. गेल्या आठवड्यात एक उडाला आणि मी अन् गिऱ्हाईक दोघंही गुडघ्यांवर बसून तो शोधत होतो. घड्याळजीने यापुढे बसू नये हेच खरं. मुलगा आणि सूनबाई केव्हाचे मागे लागलेत की आमच्याकडे या. महिनाअखेर दुकान आणि वरच्या खोल्या मालकाच्या ताब्यात देऊन तिकडे जातो. त्यांनी माझ्यासाठी खोली रंगवूनही ठेवली आहे. माणसं सोन्यासारखी आहेत, तक्रारीला जागाच नाही.

जागा नाही ती फिशटँकला. पलंग टाकला की माझी खोली संपली. म्हणून एक मागणं आहे. अण्णांची टाकी फुटून जमाना झाला, पण तिच्यातल्या गप्पी माशांची पोरंनातवंडं माझ्याकडे अजून नांदताहेत. शिवाय तळाशी हेडमास्तर आहेत. मिशीवाला काळा मासा, सूनबाई घरात यायच्या आधीपासूनचा. दिवसभर दगडाआड बसतो आणि बाहेर आला की बाकीचे आपोआप रांगेत येतात. त्यांना दुकानदाराच्या हवाली करवत नाही. तू घेशील का? तुझी बाहेरची खोली रिकामी आहे, आणि रिटायर झाल्यापासून तूही.

होच म्हणशील असं धरून चाललो आहे. लोभ आहेच, त्यात एवढी भर पडू दे.

तुझा,
टिल्ल्या

९ ऑक्टोबर

चि. टिल्ल्यास,
अ. उ. आ.

मी रिकामी आहे हे तुला कुणी सांगितलं? उभा जन्म वॉर्डात पेशंटांमागे धावले, आता जरा पाय पसरून बसते, तर तू माशांची ड्यूटी लावतोस.

पत्र वाचलं आणि आपली जुनी बाहेरची खोली जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. अण्णा दुकानांना काचा बसवायला जायचे आणि फुटक्या काचांतले धड तुकडे घेऊन यायचे. त्यातूनच ती टाकी केली. एका कोपऱ्यातून गळायची म्हणून खाली कायमची परात. आई म्हणायची, या घरात पाहुण्याला खुर्ची नाही, माशांना मात्र टेबल. आणि संध्याकाळी वीज गेली की हवेचा पंप बंद पडायचा. मग अण्णा आपल्याला पाळीपाळीने मग द्यायचे. टाकीतलंच पाणी भरायचं आणि उंचावरून पुन्हा टाकीत सोडायचं, म्हणजे माशांना हवा मिळते. तू चार मग ओतून पेंगायचास आणि तुझी पाळी माझ्या गळ्यात. अण्णा शेजारी मेणबत्ती धरून बसलेले असायचे. तितकं निवांत मी त्यांना एरवी कधी पाहिलं नाही. त्या संध्याकाळींची मला फार आठवण येते रे.

तेव्हा हो. पण मला यातलं ओ की ठो कळत नाही. काय आणायचं, कुठे ठेवायचं, सगळं सविस्तर लिही. आणि थंडी येईलच आता, दुकानात बनियनवर बसू नकोस.

आशीर्वाद भरपूर आहेत, कमी पडले तर मागून घे.

ताई

१३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जीव भांड्यात पडला. आता नीट वाच.

दोन फूट लांबीची टाकी घे. लहान भांड्यात सोपं जाईल असं वाटतं, पण थोडं पाणी लवकर बिघडतं. खिडकीत ठेवू नकोस, ऊन लागलं की काचेवर हिरवं शेवाळ धरतं. टेबल मजबूत हवं, भरलेली टाकी दोघांनाही हलत नाही. खाली थर्माकोलचा तुकडा घाल. तळाला बारीक खडे पसर, पण आधी साध्या पाण्यात खळबळून घे, पाणी स्वच्छ येईपर्यंत. साबण अजिबात नको. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग ओत, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. लांब पात्यांची दोनचार रोपं खोच. हवेचा पंप लाव, त्याच्या नळीला स्पंजाचा फिल्टर येतो. माझ्या टाकीत दोन स्पंज आहेत, त्यातला एक ओल्या पिशवीत घालून बसच्या कंडक्टरबरोबर पाठवतो. तो आपला माणूस आहे, घरपोच देईल. मिळाला की तुझ्या टाकीत लाव.

मासे आले की खायला चिमूटभरच, दोन मिनिटांत संपेल एवढंच. तुझा हात सढळ आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. हेडमास्तरांना अंधारा कोपरा लागतो, एखादं मातीचं फुटकं मडकं आडवं ठेव. त्यांची सोय झाली की मी मोकळा.

माया आहे तशीच चालू ठेव, पंपासारखी.

टिल्ल्या

२० ऑक्टोबर

चि. टिल्ल्यास,
अ. उ. आ.

टाकी मांडून झाली. खडे इतके धुतले की शेजारीण विचारत होती, भात लावताय का म्हणून. पाणी पहिल्या दिवशी दुधासारखं झालं होतं, आता निवळतंय. पंपाची बुडबुड सुरू झाली आणि घरात कुणीतरी आल्यासारखं वाटलं. दोनदा उगाचच बाहेरच्या खोलीत जाऊन आले.

तुझा स्पंज पोचला. पण काय रे हे? इतका घाणेरडा, तपकिरी, चिकट, वास मारणारा. माझ्या वॉर्डात असं काही सापडलं असतं तर मी आयाबाईंना धारेवर धरलं असतं. चांगला वीस मिनिटं उकळला, पिळला, उन्हात वाळवला आणि मग लावला. आता नव्यासारखा पिवळाधमक दिसतो. माझ्या टाकीत जंतूला थारा नाही, तुझे हेडमास्तर खुशाल राहतील.

कधी आणतोस ते कळव. येताना उपाशी निघू नकोस.

ताई

२३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दुकानात दोनदा वाचलं.

ताई, त्या स्पंजात मोलाचा होता तो मळच. माशांच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं आणि ते खाणारे जंतू त्या मळात राहतात. नव्या टाकीत ते नसतात, म्हणूनच नवख्यांचे मासे पहिल्या पंधरवड्यात उलटे होऊन तरंगतात. जुना स्पंज लावला की जंतू आयते मिळतात. अण्णांच्या टाकीतला मी माझ्या पहिल्या टाकीत लावला, तिच्यातला दुसरीत. तो मळ अण्णांपासून चालत आला होता आणि तू त्याचा काढा केलास. मी बजावायला हवं होतं, पण स्पंज उकळणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं.

आता ते जंतू आपोआप धरायला पाचसहा आठवडे जातील, आणि मला महिनाअखेर किल्ली द्यायची आहे. टाक्यांच्या दुकानातल्या मासेवाल्याशी बोललो, तो घेतो म्हणतो. हेडमास्तरांना कोण विकत घेणार म्हणून जरा हसलाही. तुला उगाच दगदग झाली.

राग नाही. थोडा आहे.

टिल्ल्या

२६ ऑक्टोबर

चि. टिल्ल्यास,
अ. उ. आ.

चुकले. जंतू म्हटलं की माझा हात आधी स्टोव्हकडे जातो, ती सवय काही सुटत नाही. अण्णांचं म्हणून काही माझ्या घरात येत होतं आणि ते मीच उकळून टाकलं, याचं वाईट वाटतं. दोन दिवस टाकीकडे बघवलं नाही.

पण मासेवाल्याला नाही म्हणून सांग. अवघड पेशंट हलवायचा तर आम्ही त्याच्या नळ्या काढत नाही, आहे तसा, सामानासकट हलवतो. तुझ्याकडे दुसरा स्पंज आहे ना? तो, खालची वाळू, दगड आणि मासे, सगळं एकाच दिवशी घेऊन ये. स्पंज त्यांच्याच पाण्याच्या डब्यात ठेव. मी बादल्या भरून ठेवते.

आणि आता तुझं बघू. या सगळ्या पत्रांत माशांची बारीकसारीक व्यवस्था आहे. कोपरा अंधारा हवा, मडकं आडवं हवं. तुझी व्यवस्था मात्र एका ओळीत, रंगवलेली खोली आणि एक पलंग. सकाळी उठून तिथे तू काय करणार आहेस ते एकदाही लिहिलं नाहीस. मी तुझी मोठी बहीण आहे, न लिहिलेलंही मला वाचता येतं. तेव्हा मासे पोचवून लगेच पळायचं नाही. पाणी बसून जंतू धरेपर्यंत राहायचं. नव्या टाकीत काय बिघडलं तर मी कुणाला विचारू?

कंडक्टरला पुढची सीट धरायला सांग आणि डबा मांडीवर घे. वाट बघते, आणि ते आशीर्वादातच धर.

ताई

१४ डिसेंबर

चि. बाळास आणि सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

कधी येता म्हणून तुमचं दुसरं पत्र आलं. खोली तयार आहे हे मी विसरलेलो नाही. मासे सगळे सुखरूप आले, एक गप्पी तेवढी वाटेत दगावली. पण तुमच्या आत्याची टाकी अजून बसलेली नाही. रोज सकाळी मी बघतो, पाणी दिसायला स्वच्छ आहे, पण भरवसा वाटत नाही. हेडमास्तर अजून बुजतात. आत्याचा हात सढळ, मी नसलो तर ती त्यांना मूठमूठ खायला घालील. बुधवारी मीच पाव टाकी पाणी बदलतो, ते तिला झेपायचं नाही. शेजारच्या दोघांनी टाक्या घ्यायचं काढलंय, त्यांनाही सांगावं लागतं.

तेव्हा उन्हाळ्यापर्यंत थांबावं म्हणतो. तुमच्याकडे आधी पाठवलेल्या सामानातले माझे दोन स्वेटर, भिंग आणि छोटे स्क्रूड्रायव्हर पाठवून द्या. रागावू नका, तुमच्यावरची माया तसूभरही हललेली नाही.

तुमचा,
बाबा

(मागच्या बाजूला, दुसऱ्या अक्षरात)

तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलाय म्हणून घाईत लिहिते. टाकी नोव्हेंबरातच बसली. पिल्लं झाली आहेत आणि हेडमास्तर भर दुपारी हिंडतात. हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. रोज सकाळी तो टाकीपुढे उभा राहून म्हणतो, अजून नाही. मी म्हणते, हो, अजून नाही. मग दोघं चहा घेतो.

तुम्ही न्यायला आलात तर तो निमूट येईल, तुम्हाला नाही म्हणायचा नाही. म्हणून तुमच्याकडे पदर पसरते. न्यायला येऊ नका. भेटायला या.

आत्या