गुलाबच्या गोठ्यात पहिलं पाऊल

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

पहिलं पाऊल अतुलचंच! शेजारची द्वारकाबाई कितीबी म्हणू दे की ती त्याच्या आधी आली होती. ती कुंपणाच्या बाहेर उभी होती, चहा होतोय का ते बघत. कुंपणाबाहेरचं पाऊल धरत नाय. गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत पडलं तर पाऊल! तिला तोंडावर सांगितलं. फुगून गेली. संध्याकाळी ताक न्यायला येईलच.

आमच्या गोठ्यातली रीत अशी — गाय, म्हैस, शेळी, काहीबी व्यालं की घराबाहेरचं जे माणूस पहिलं आत पाऊल टाकील, त्यानं नाव ठेवायचं. आन त्याचा पायगुण त्या जनावराला लागतो. सासूबाईंच्या आधीपासूनचं हाय हे. खोटं नाय. तलाठी आला होता त्या सालची म्हैस बघा — वैरण दाखवल्याबिगर एक पाय पुढं टाकत नाय. लाईनमननं नाव ठेवलेली शेळी — नावच लाईट! — कधी येते कधी जाते, कुणाला पत्ता नाय. द्वारकाबाईची शेळी दिवसभर बें बें, ऐकायला कुणी नसलं तरी.

आज सिस्टर व्याली. सिस्टर म्हंजे आमची गाय. दवाखान्यातली सिस्टरबाई आली होती तिच्या येळंला, म्हणून. लई गरीब गाय. दिवस उगवताना गोऱ्हा झाला, तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका. तिच्या तोंडाशी चाटायला सरकवला आन गूळ-बाजरी शिजवायला घरात गेले. घरात तर लगीनघाई! श्रेयाला बघायला सिल्लोडचे पाहुणे यायचे होते ना.

श्रेया म्हंजे माझ्या अनूची लेक. अनू पुंडलिकनगरला दिलेली. पोरगी बघायचा कार्यक्रम खरं तर तिच्या घरी पाहिजे, पण जावईच म्हणाले, "मामी, मळ्यातच करू. शहरात शेजारी लई चौकशा करतात." बरं झालं. कालपासून घर भरलंय माझं!

पाहुणे दहाच्या सुमारास आले. मोठी माणसं सतरंजीवर बसली आन हा मुलगा, अतुल, सरळ गोठ्यात! मक्याच्या आडतीवर बसतो म्हणे, पण जनावराच्या अंगावर हात कसा ठेवावा ते माहीत हाय. म्हटलं, आता नाव तुम्हीच ठेवा. लाजला. मग हळूच म्हणाला, "आजी, गुलाब म्हणा."

सगळे हसले. गोऱ्ह्याचं नाव गुलाब! जावई म्हणाले, "बरं झालं मामी, मी नाय गेलो आत. मला शेणाचा वास सहन होत नाय. आमच्या हातून नाव राहिलं तुमचं." मोठ्यानं बोलतात राजकुमारराव, घर दणाणतं. त्यांचे पांढरे बूट शेणानं भरले होते. अंगणातबी शेण असतंच. गुपचूप धुऊन वाळत ठेवले. जावयाचे बूट!

अनूचा ओठ सुजला होता. दाराची कडी लागली म्हणे. पाहुण्यांपुढं पोहे नेताना पदर तोंडावर. म्या रागवले — आजच कशी कडी लागली गं तुला!

पोरगी पसंत. परीक्षा झाल्यावर पुढची बोलणी. आज मला झोप नाय यायची आनंदानं.

१ डिसेंबर, रविवार

दूध पिताना ढुशा सगळीच वासरं मारतात. पण गुलाबनं सिस्टरच्या सडातून रक्त काढलं. रक्त!

१४ जानेवारी, संक्रांत

वाण लुटून आले आन बघते तर काय — गुलाबनं लाईटचं करडू भिंतीला दाबून ठेवलेलं. डोकं घालून, नुसतं दाबत होता. करडू ओरडत होतं तोवर दाबलं, ओरडायचं थांबलं तरी दाबलं. ह्यांनी काठी घातली तेव्हा मागं सरला. करडू मेलं. अजून दोन महिन्याचा नाय झाला आन ही ताकद!

अनू आलीय सणाला. हात प्लॅस्टरमध्ये. बाथरूममध्ये घसरली. शहरातली फरशी लई गुळगुळीत, म्या मागंच सांगितलं होतं. हे म्हणाले, "मागं जिना, आता बाथरूम. त्या घराची वास्तुशांत करा एकदा." अनू हसली नाय. करडू पुरायला तीच गेली, एका हातानं.

१८ जानेवारी, शनिवार

जावई न्यायला आले. आत नाय आले, गाडीतनंच हॉर्न. एक, मग लांब एक. अनू भाकरी ताटात टाकून उठली. म्हटलं खाऊन तर जा. "नको आई, त्यांना थांबायला आवडत नाय." पापड, तिळगूळ, तूप बांधून दिलं. तूप विसरून गेली! असली कसली घाई.

९ मार्च, रविवार

आज मात्र गुलाबचं कौतुक. पाचोडच्या अंगानं मोकाट कुत्र्यांची टोळी आली. कोंबड्या फाडल्या, पिसंच पिसं! एक कुत्रं गोठ्यात शिरलं, म्हशीच्या वगारीच्या मागच्या पायाला लागलं. गुलाबनं दावं तोडलं. शिंगं अजून बोटाएवढी, तरी कुत्र्याला गव्हाणीवर आपटलं, परत उचललं, परत आपटलं. आतडी बाहेर आली. बाकीची पळाली. म्या टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला लिहू.

पण मग तो थांबेना. मेलेल्या कुत्र्याला तुडवत राहिला. टाळ्या वाजवायच्या थांबवल्या मी. घाबरले.

२२ एप्रिल, मंगळवार

डोक्यात एकच किडा. नाव ठेवलं अतुलनं. पाऊल अतुलचं. मग हे जनावर असं का? सिस्टरच्या पोटचं, ती तर माशी हाकलत नाय धड!

ह्यांना म्हटलं, त्या पोराचं दिसणं आन असणं येगळं हाय. हे म्हणाले, "तुला काय गोऱ्ह्याच्या शिंगात कुंडली दिसते का?" हसले. हसा. म्हशीला तलाठ्याचा पाय लागला तेव्हाबी हसला होता, आता रोज तुम्हीच ढकलता तिला.

श्रेयाचा फोन आला होता. परीक्षा चालू. "आज्जी, त्यांच्याशी बोलते मी कधी कधी. छान बोलतात गं." म्या पेपरचं विचारलं, त्यांचं नाय.

१६ जून, सोमवार

ह्यांची बरगडी मोडली.

पाणी दाखवायला गेले होते. गुलाबनं गव्हाणीवर धरलं आन दाबलं, त्या करडासारखं. कड् आवाज घरात आला, मी पीठ मळत होते. धावले, कुदळीचा दांडा त्याच्या नाकावर घातला. एक, दोन, तीन — मोजले नाय. त्याच्या नाकातनं रक्त, ह्यांच्या तोंडातनं आवाज नाय. मला वाटलं गेले. मग हे म्हणाले, "विकून टाक त्याला." तेव्हा रडले.

विकायचा. पण रीत अशी की नाव ठेवणाऱ्याला विचारल्याबिगर जनावर विकायचं नाय. सिल्लोडला फोन केला. पोरगा म्हणाला, "आजी, थांबा. मी येतो."

२९ जून, रविवार

आला. एकटा, मोटारसायकलवर. ह्यांच्यासाठी डाळिंबं.

गोठ्यात जाऊ नको म्हणेपर्यंत गेला. गुलाबनं त्याला उचलून उकिरड्यात फेकलं! पॅन्ट फाटली, कोपर सोललं, रक्त. काठी हाताशीच पडली होती. मी बघत होते — आता उचलील, आता दिसंल खरं रूप. नाय उचलली. तिथंच शेणात बसून राहिला. म्हणाला, "आजी, ह्याला कुणी मारतं का?" वर मलाच विचारतो!

मला सगळं सोंग वाटलं. लग्नाच्या आधी सगळेच गरीब. तोंडावर सांगून टाकलं — ज्याच्या पावलाचं जनावर असं, त्याच्या घरी आमची नात द्यायची नाय. सोयरीक मोडली. हे आतून कण्हत ओरडले, "अगं, जीभ आवर!" नाय आवरली.

पोरानं कोपर धुतलं. मग म्हणाला, "नाव मी ठेवलं. विकू नका म्हणायचा हक्क हाय का मला?"

म्हटलं, हाय.

"मग विकू नका."

गेला. डाळिंबं तशीच पडलीत. मी बरोबर केलं.

३ जुलै, गुरुवार

मी बरोबर नाय केलं.

श्रेया आली, दुपारच्या एसटीनं. चप्पल न काढता आत. माझी नात माझ्यावर कधी ओरडली नव्हती. "आज्जी, पहिलं पाऊल त्यांचं नव्हतंच! काय केलंस तू हे!"

म्हटलं, मग कुणाचं? द्वारकाबाईचं?

"पप्पांचं."

मी म्हटलं, ते तर म्हणाले शेणाचा वास —

मग तिनं सांगितलं. लिहिते. मी बाजरी शिजवत होते तेव्हाची गोष्ट. अनू जावयाला एवढंच म्हणाली होती, पोरीलाबी विचारा, तिला पसंत हाय का. एवढंच! त्यांनी तिचे केस धरले आन फरफटत गोठ्यात नेलं, घरात आवाज नको म्हणून. पाहुण्यांसाठी नेसलेली नवी साडी. खुंट्यावर तोंड आपटलं. एकदा नाय. अनू ओरडली नाय, पदर तोंडात धरला तिनं. गोऱ्हा नुकता उठून उभा राहत होता, लडबडत त्यांच्या पायात आला. त्यालाबी लाथ. पडला. उठला. परत लाथ.

श्रेया दाराआड उभी होती. "माझे पाय हलले नाय आज्जी. कधीच हलत नाय."

कधीच, म्हणाली. म्हंजे ओठ. म्हंजे बाथरूम. म्हंजे जिना. म्हंजे तो हॉर्न.

आन ते बूट म्या धुतले.

४ जुलै, शुक्रवार

अतुलला फोन केला. म्हटलं, बाबा, नाव तुझं, पाऊल तुझं नव्हतं. म्हातारी चुकली. तो म्हणाला, "गुलाब कसा हाय?"

अनूला फोन केला. म्हटलं, ये. "आई, पोळ्याला येईन." म्हटलं, आत्ता ये. तर मागून आवाज, "कुणाचा फोन?" — कट.

हे उठून बसलेत. बरगडीला पट्टा. कुऱ्हाडीला धार लावतायत. लाकडं फोडायची नाय काय नाय.

२२ ऑगस्ट, पोळा

बैलांना आंघोळ, शिंगांना रंग. गुलाबच्या शिंगांना लाल मीच लावला, लांबून, काठीला फडकं बांधून. तरी एक ढुशी खाल्ली मांडीवर. काळंनिळं झालंय.

पुरणाचा घाणा उतरवत होते तर दारात अनू. पिशवी नाय, चप्पल नाय. एक डोळा मिटलेला, वांग्यासारखा. श्रेयानं आणली तिला, रिक्षानं, मग एसटीनं. म्हंजे पाय हलले पोरीचे!

पुरणपोळी दिली. चावता येईना, दुधात कुस्करून दिली. लहानपणी अशीच खायची.

मग ती उठून गोठ्यात गेली. मी मागं पळाले, म्हटलं बाई गं, तो मारतो! गुलाबनं मारलंच, कमरंत. पायगुण जात नाय, मनासारखं कसं लिहू. अनू भिंतीला टेकली, श्वास घेतला. दाव्याकडं बघत राहिली. म्हणाली, "आई, ह्याला दावं तरी हाय."

२५ ऑगस्ट, सोमवार

जावई आले, दोन भाऊ घेऊन. पांढरे बूट. हे उंबऱ्यात बसलेले, मांडीवर कुऱ्हाड. कुणाला आत येऊ दिलं नाय. "मामी, आमची बायको आमच्या स्वाधीन करा. नायतर चार माणसं आणून नेऊ, मग कुणाची इज्जत राहते बघू." म्हटलं, आणा की. पाहुण्याला नाय कोण म्हणतं!

रविवारी म्हालक्ष्म्या यायच्या घरात. पावलं काढायची दारापासून. ह्या वर्षी गोठ्यापर्यंत काढणार हाय, चांगली ठसठशीत, म्हंजे कुठं पाय टाकायचा ते कळंल. पाहुण्यांची बैठक तिथंच घालीन. गुलाबचं दावं श्रेया सोडणार म्हणते.

रविवारी येतो म्हणाले जावई.